महिन्याचं पिल्लू, दूध-पोळी आणि एक फिरता संदेश

दिवाळी सरली की हा संदेश व्हॉट्सॲपवर हमखास उगवतो. हंगामच तो असतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा माज भाद्रपदातला, गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात गल्लीगल्लीत, बांधकामांवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिल्लंच पिल्लं दिसतात. घरातली मुलं हट्ट धरतात, आणि मग कुणीतरी ‘पिल्लू पाळताय? हे वाचाच’ पाठवून देतं.

संदेश थोडक्यात असा: पिल्लू महिन्याचं असतानाच आणा, म्हणजे लळा लागतो. दूध-पोळी द्या. घरातच राहणार असेल तर लशींची गरज नाही, तो डॉक्टरांचा धंदा आहे. पिल्लाच्या दातात विष नसतं, चावलं तर हळद लावा. घरात घाण केली तर नाक त्यातच घासा. जंत आणि गोचिडांवर लसूण द्या. रात्री रडलं तर बाल्कनीत ठेवा, दोन दिवसांत गप्प होतं.

पहिल्या मुद्द्यापासूनच गाडी घसरते. पिल्लाचे डोळे उघडतात दहा ते चौदा दिवसांनी. म्हणजे महिन्याच्या पिल्लाला जग दिसायला लागून जेमतेम दोन-अडीच आठवडे झालेले असतात. यापुढचा महिना ते भावंडांबरोबर मस्ती करण्यात घालवतं, आणि त्या मस्तीतच दातांचा जोर किती लावायचा हे शिकतं. जोरात चावलं की समोरचं पिल्लू किंचाळतं, खेळ थांबतो. अजून चावलं तर आई दटावते. हा महिना हिरावून घेतलेली पिल्लं घरी येतात आणि महिनाभरात तक्रार सुरू होते, ‘फार चावरं आहे हो.’ लळ्याची काळजी तर नकोच. माणसांशी, आवाजांशी, नव्या जागांशी जुळवून घ्यायचा सोपा काळ साधारण बारा ते चौदा आठवड्यांपर्यंत चालतो, तेव्हा आठ आठवड्यांचं पिल्लू आणलं तरी भरपूर वेळ हातात राहतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकताच येत नाही. ‘महिन्याचंच आहे, घेऊन जा’ म्हणणारा विक्रेता नियम मोडत असतो, एवढं लक्षात असू द्या.

रस्त्यावर एकटी दिसणारी पिल्लं अनाथच असतात असंही नाही. आई खाणं शोधायला तासन्‌तास लांब जाते. आधी दुरून वाट बघावी. फारच वाटलं तर आईला खायला घालावं. पिल्लांसाठी त्याहून चांगली मदत नाही.

दूध-पोळीचं. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात आणि दुधातली साखर मात्र कमी. त्यामुळे गाई-म्हशीच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब लागतात, आणि घरचे म्हणतात जागा मानवली नाही. पोळीने पोट भरतं, वाढ होत नाही. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खाणं लागतं: पिल्लांसाठीचं तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून, किंवा डॉक्टरांना विचारून ठरवलेलं अंडी-चिकन-भाताचं घरचं जेवण. आधीच्या जागी जे खात होतं तेच पहिले काही दिवस चालू ठेवा, मग हळूहळू बदला.

आता लशी. ‘घरातच तर असतं’ हे वाक्य पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आतड्यांच्या आजाराबाबत निरर्थक आहे, कारण त्याचा विषाणू तुमच्या चपलेबरोबर घरात येतो. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो मातीत उतरतो आणि तिथे महिनोन्‌महिने टिकतो. नेहमीच्या फिनाईलला तो दाद देत नाही, ब्लीचने मरतो. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले की दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. वाचलं तरी सलाईनवर काही दिवस काढावे लागतात आणि त्याचं बिल लशींच्या खर्चाच्या कितीतरी पट होतं. धंदाच करायचा असता तर डॉक्टरांनी लस द्यायचीच टाळली नसती का?

‘एकच इंजेक्शन तीन-तीनदा का?’ ही शंका मात्र रास्त आहे, आणि तिचं उत्तर कुणी नीट देत नाही. पिल्लाला आईकडून, मुख्यतः पहिल्या चिकातून, प्रतिपिंडं म्हणजे रोगाशी लढणारी तयार प्रथिनं मिळालेली असतात. ती अंगात आहेत तोवर लशीला निष्प्रभ करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, वरून दिसत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, वय सोळा आठवडे होईपर्यंत मात्रा देत राहायच्या. यातली एखादी तरी बरोबर वेळी लागू पडते. पहिली लस देऊन कोर्स सोडला आणि पिल्लू दगावलं की ‘लस देऊनही गेलं’ अशी हाकाटी होते. कोर्स पुरा होईपर्यंत अनोळखी कुत्री फिरतात तिथल्या जमिनीवर त्याला सोडू नका. पण घरात कोंडूही नका. कडेवर घेऊन रिक्षा, भाजीवाल्याची आरोळी, देवळातली घंटा, सगळं दाखवा-ऐकवा.

दातात विष नसतं हा दावा या संदेशातला सगळ्यात घातक. रेबीजचा विषाणू लाळेत असतो आणि पिल्लाच्या लाळेतही असू शकतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा काही आठवडे ते काही महिने जातात, त्यामुळे आणताना टुणटुणीत होतं याला अर्थ नाही. लक्षणं दिसू लागली की माणूस असो वा कुत्रा, वाचणं जवळजवळ अशक्य. चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शनांचा जमाना कधीच संपला. आता दंडात मोजकीच घ्यावी लागतात. पिल्लाला स्वतःची रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात मिळते. मुलं ओरडा बसेल म्हणून ओरखडे लपवतात, तेव्हा पिल्लू यायच्या आधीच त्यांना सांगून ठेवा की रागावणार नाही, फक्त लगेच सांगायचं.

नाक घासल्याने पिल्लू एवढंच शिकतं की या माणसासमोर घाण करायची नाही; मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की ठरलेल्या कागदावर न्यायचं, तिथे केली की लगेच शाबासकी. वय जितके महिने तितके तास, फार तर वर एखादा तास, एवढाच वेळ ते धरून ठेवू शकतं.

लसूण नकोच. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. (प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही नकोत, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.) जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच आणि मग दुधातून मिळतात, गोड खाऊन होत नाहीत. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी वजनानुसार जंताचं औषध द्यायचं असतं, आणि ते कोणकोणत्या तारखांना दिलं हे पिल्लू देणाऱ्याला विचारून घ्यायचं. गोचिडांचं औषधही वय आणि वजन बघूनच. मोठ्या कुत्र्याचं उरलेलं पिल्लावर ओतू नये.

राहिली बाल्कनी. गप्प होतं, हे खरं. पण भावंडांच्या उबेतून पहिल्यांदाच एकटं पडलेलं पिल्लू मार्गशीर्षाच्या थंडीत रडून रडून थकतं, म्हणून गप्प होतं. एका खोक्यात जुनी चादर घालून ते खोकं पलंगाशेजारी ठेवा, हात खाली सोडला की लागेल इतकं जवळ. मध्यरात्री कुरकुरलं तर कागदावर नेऊन आणा, दिवा न लावता आणि न खेळता परत ठेवा. पुढे आठवड्याभरात खोकं रोज थोडं थोडं, त्याला जिथे झोपवायचं आहे त्या दिशेला सरकवता येतं.