भाषा बदलून मिळणेबाबत

परदेशातून आणलेल्या यंत्राची भाषा बदलायची असली की आमच्या नात्यागोत्यात मलाच फोन येतो, आणि त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. चहा मिळतो, पोहे मिळतात, निघताना "तुमच्यामुळे झालं बुवा" असं कुणीतरी म्हणतं. परवा डोंबिवलीला साडूंच्या घरी मात्र पोह्यांची बशी हातात असताना "यांना जमत नाहीये वाटतं" हे वाक्य माझ्याच देखत माझ्याविषयी बोललं गेलं. पोहे घशाखाली उतरले, वाक्य अजून उतरलेलं नाही.

प्रकरण एवढंच, की साडू कंपनीच्या कामाने टोकियोला गेले होते आणि येताना चिरंजिवांसाठी निन्टेन्डो स्विच २, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, घेऊन आले. ते यंत्र जपानीशिवाय काही बोलत नाही आणि बोलणारही नाही. यात बिघाड कसलाही नाही. ५ जून २०२५ ला हे यंत्र बाजारात आलं तेव्हाच जपानमध्ये त्याचे दोन प्रकार निघाले: देशांतर्गत वापराचं, फक्त जपानी भाषेचं, ४९,९८० येनला; आणि अनेक भाषांचं, ६९,९८० येनला. पहिलं कुठल्याही दुकानात मिळतं. दुसरं फक्त कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात. साडू दुकानात गेले, पाटी वाचली (आकडे त्यांना कुठल्याही लिपीत वाचता येतात), पासपोर्ट दाखवून १० टक्के उपभोग कर वाचवला आणि "तिकडे फारच स्वस्त आहे हो" असं म्हणत विमानात बसले. २०,००० येनांचा फरक, म्हणजे आपले सुमारे १२ हजार रुपये, नेमका भाषेचाच होता.

हे मी सांगितलं. खोक्यावर ‘निहोन्गो, कोकुनाई सेन्यो’ असं छापलेलं बोट ठेवून दाखवलं; जपानी भाषा, फक्त देशांतर्गत वापरासाठी. मेन्यूत दुसरी भाषा लपवून ठेवलेली नाही, ती मुळात दिलेलीच नाही, हेही सांगितलं. शिवाय या यंत्राला जपान हाच देश असलेलं निन्टेन्डो खातं जोडता येतं, भारताचं किंवा अमेरिकेचं नाही. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन बघा ना एकदा."

इथे अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

अण्णा म्हणजे साडूंचे वडील, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कचेरीने त्यांना सोडलं, त्यांनी कचेरीला सोडलेलं नाही. चष्मा पुसत म्हणाले, "अडलंय कुठे?"

"अण्णा, यात इंग्रजी नाहीये."

"नाही म्हणजे? दिलेली नाही, की नाकारली?"

"दिलेलीच नाही."

"म्हणजे नाकारलेली नाही. नाकारलेली नसेल तर मागता येते. अर्ज केला?"

"कुणाकडे?"

"संबंधितांकडे." आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी सातबाऱ्याची नक्कल मागायला आलोय आणि गट नंबरच आणलेला नाही.

मी म्हणालो, कंपनी क्योतोला आहे. मग काय झालं, म्हणाले, टपाल जातं. नातवाची वही आणवली, मधलं जोडपान अलगद सुटं केलं, समास दुमडला आणि लिहायला घेतलं. प्रति, माननीय व्यवस्थापक. विषय: खेळण्याच्या यंत्राची भाषा जपानीवरून मराठी, पर्यायी इंग्रजी, अशी बदलून मिळणेबाबत.

"अण्णा, मराठी कशाला मध्ये?"

"मागताना जास्त मागावं. तडजोडीत इंग्रजी पदरात पडते."

मी त्यांना समजावून सांगितलं, की खोक्यावर सूचना छापलेली आहे, कंपनीने काही दडवलेलं नाही.

"कोणत्या भाषेत छापलीय?"

"जपानीत."

"मग ती आपल्यावर बजावली गेली असं धरता येणार नाही." हे त्यांनी अर्जात ‘दुसरे असे की’ करून घातलं.

शेवटचा उपाय म्हणून मी आकडा काढला. म्हटलं, अण्णा, हे यंत्र विकत घ्यायलाच तिथे सोडत काढावी लागली. पहिल्या सोडतीला जपानात सुमारे २२ लाख लोकांनी अर्ज केले, आणि तो आकडा कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतः जाहीर केला. तुमचा एक कागद कोण वाचणार?

अण्णांचा चेहरा उजळला. "बघा! म्हणजे अर्ज स्वीकारतात!"

यानंतर मी पोहे संपवायचं ठरवलं. पण साडूंनी तोवर यूट्यूब लावलं होतं. "हा मुलगा बघा, दोन मिनिटांत करतो," आणि ते वाक्य, वर सांगितलेलं, याच क्षणी आलं. तो मुलगा खरंच दोन मिनिटांत करतो. फरक इतकाच, की त्याच्या हातातलं यंत्र जुनं स्विच आहे, २०१७ सालचं. ते जपानात घेतलेलं असलं तरी त्यात सगळ्या भाषा असतात. जपानी वाचता येत नसेल तरी चालतं: होम स्क्रीनवर खालच्या गोल चिन्हांत दातेरी चाकाचं चिन्ह निवडा, डावीकडच्या यादीत अगदी तळाला जा, मग उजवीकडे जा. तिथे एका ओळीच्या शेवटी तीन अक्षरं दिसतील, त्यातलं पहिलं म्हणजे मधे आडवी रेघ मारलेला उभा चौकोन. ती भाषेची ओळ. ए बटण दाबलं की यादी उघडते आणि त्यात इंग्लिश हे रोमन लिपीतच लिहिलेलं असतं. निवडा, होकार द्या, यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होतं. झालं.

यंत्राची भाषा बदलली म्हणून खेळाची बदलतेच असं मात्र नाही, आणि निम्मी भांडणं याच जागी होतात. स्विचचे बरेच खेळ यंत्राची भाषा बघून त्याप्रमाणे चालतात, पण ती भाषा खेळाच्या कार्डात (खेळ ज्या छोट्या चकतीवजा तुकड्यावर विकत मिळतो त्यात) असेल तर. कार्ड कुठल्याही देशात घेतलेलं असलं तरी चालतं, भाषा चालेलच याची हमी नाही. म्हणून टोकियोच्या अकिहाबारा बाजारात गल्लीत जुनं कार्ड स्वस्त दिसलं की आधी जपानच्या ई-शॉपमध्ये, म्हणजे निन्टेन्डोच्या ऑनलाइन खेळ-दुकानात, त्या खेळाचं पान उघडायचं. खाली सरकलं की ‘ताईओ गेन्गो’ या मथळ्यापुढे त्यातल्या भाषांची यादी असते. तिथे इंग्रजी नसेल तर कार्ड परत ठेवायचं. पोकेमॉनचं तर आणखी वेगळं. तो सुरुवातीलाच भाषा विचारतो आणि एकदा सांगितली की त्या डावापुरती तीच. त्यातल्या ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’ या खेळांमध्ये भाषा बदलायची तर साठवलेला डाव पुसून पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि हे मुलाला आठवा बॅज मिळाल्यावर, म्हणजे खेळ संपत आल्यावर, सांगायची जबाबदारी कुणी माझ्यावर टाकू नये.

प्लेस्टेशनवाल्यांना दुसराच ताप. जपानी पीएस ४ वर ‘हो’ म्हणजे गोलाचं बटण आणि ‘मागे जा’ म्हणजे फुलीचं. बाकी बहुतेक जगात बरोबर उलटं. भाषा बदलायला आत शिरलेला माणूस सवयीने फुली दाबतो, बाहेर फेकला जातो, पुन्हा शिरतो, पुन्हा फुली. पीएस ५ पासून जपानातही फुलीच ‘हो’ झाली. एक दुखणं गेलं म्हणावं, तर २१ नोव्हेंबर २०२५ ला प्लेस्टेशनवाल्या सोनीनेही जपानसाठी फक्त जपानी भाषेचं डिजिटल (डिस्कशिवायचं) पीएस ५ काढलं, ५५,००० येनला, जपानी खात्यापुरतंच. म्हणजे यापुढे प्लेस्टेशन आणणारे साडूही येणार.

कारण कळतं मला. येन घसरलेला, स्वतःच्या गिऱ्हाइकाला परवडेल अशी किंमत ठेवायची, आणि तो माल घाऊक उचलून बाहेर कुणी नेऊ नये. त्याला भाषेचं कुंपण हा स्वस्त उपाय. किमतीने केलं असतं, कराने केलं असतं, तरी समजलं असतं. पण ज्या यंत्राला शेजारच्या खोक्यात डझनभर भाषा येतात त्याला या खोक्यात मुद्दाम मुकं करायचं, हे मला आवडत नाही. आणि आपण बोलणार कुणाच्या तोंडाने? भारतात निन्टेन्डोची अधिकृत विक्रीच नाही. दुबई, सिंगापूर, टोकियो, जो कुणी येणार असेल त्याच्या बॅगेतल्या जागेवर आपला सगळा व्यवहार. वॉरंटीचं नाव काढायचं नाही.

तरी साडूंना मी जमेल तेवढं करून दिलं. चिरंजिवांचं जपानी खातं उघडलं. जुन्या खात्याचा देशही बदलता येतो, पण त्यात पैसे शिल्लक असतील तर बदल होत नाही, आधी ते संपवावे लागतात. जपानच्या ई-शॉपला २५ मार्च २०२५ पासून परदेशी क्रेडिट कार्ड चालत नाही, तेव्हा प्रीपेड कार्डाचा कोड विकत घ्यावा लागतो. तो पुढच्या वेळी टोकियोहूनच आणा म्हटलं. ज्या खेळांच्या स्वतःच्या मेन्यूत भाषेची निवड आहे ते या यंत्रावरही इंग्रजीत चालतात, म्हणून खरेदी तेवढीच करा. बाकीच्यांना मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर. मेन्यूपुरतं ते बरं चालतं. संवाद सुरू झाले की अर्धं वाक्य भाषांतरित होईपर्यंत पुढचं आलेलं असतं. गाड्यांच्या शर्यतीला भाषा लागत नाही, तिथे पोरगं खूश आहे.

"लॅमिंग्टन रोडला एक जण उघडून करून देतो म्हणे," साडू जिना उतरताना हळूच म्हणाले. उघडू नका म्हटलं. छेडछाड केलेल्या यंत्राची ऑनलाइन सेवा कंपनी बंद करू शकते, मग ते जपानीतही बोलेनासं होईल. "तसं कशाला करतील," साडू म्हणाले.

अण्णांचा अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने गेला. स्थळप्रत माझ्याकडे ठेवायला दिली आहे. "पोच आली का?" म्हणून ते अधूनमधून फोन करतात, आणि आलेली नाही म्हटलं की "स्मरणपत्र काढू" म्हणतात.

साडूंनी मात्र आता यंत्र विकायला काढलंय. मी स्पष्ट बजावलं होतं, जाहिरातीत ‘फक्त जपानी भाषा, फक्त जपानी खातं’ हे पहिल्या ओळीत लिहा, नाहीतर घेणारा दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील. काल रात्री जाहिरात पाहिली. जपानहून आणलेलं, अगदी नव्यासारखं, खोक्यासह. भाषा: सेटिंगमधून बदलता येते. अडचण आल्यास संपर्क, आणि खाली माझा मोबाइल नंबर.