बिल्ज दर्याला, डेक आपल्याला

इनबोर्ड इंजिनाची, म्हणजे इंजिन पोटात असलेली, बोट घेतलीत? अभिनंदन. पार्टीची यादी झाली असेलच, आता मालकीचे चार धडे घ्या.

आधी कागद. महाराष्ट्र सागरी मंडळाची नोंदणी, सर्व्हे, विमा, परवानाधारक चालक ही सगळी कटकट २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात आहे, म्हणून काय आपण करायची? नोंदणी क्रमांकाच्या जागी बोटीचं स्टायलिश नाव रंगवा, शोभून दिसतं.

लाइफ जॅकेटं प्लास्टिकसकट सीटखाली ठेवा. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीची फेरीबोट बुडाली, ते तसंही कोणाला आठवतंय?

किल स्विचची, म्हणजे चालक पडला की इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला बांधू नका. तुम्ही पडाल, बोट गोल फिरून परत तुमच्यावर येईल, आणि बोटीखालच्या पंख्याला मालक ओळखू येत नाही. असो.

ठाणे खाडीत जेट स्की जरूर घाला. फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून, रामसर स्थळ २०२२ पासून. थवा उडाला की रील झकास.

आता बिल्ज. बोटीच्या पोटात, इंजिनाखाली पाणी साचतं. त्यात सैल क्लॅम्पमधून डिझेल ठिबकतं, झिजलेल्या सीलमधून इंजिन ऑइल उतरतं, फिल्टर बदलताना सांडलेलं वेगळंच. पाणी वाढलं की फ्लोट स्विच उचलला जातो, पंप सुरू होतो आणि मालक घरी घोरत असताना तो काळा रस दर्यात. परवा सकाळी गेटवेसमोरच्या नांगरलेल्या बोटींमधून असाच रंगीत तवंग ओहोटीबरोबर सरकत होता. त्यावर उपाय सोपा: भांडी घासायचं लिक्विड ओता. तवंग फुटतो, दिसेनासा होतो. तेल कुठे जात नाही हं, बारीक थेंब होऊन खाली पाण्यात मिसळतं, जिथे कोळंबी वाढते आणि माशांची अंडी असतात. तीच कोळंबी तुम्ही संध्याकाळी कोळणीशी घासाघीस करून घेता!

आणि करायचं तरी काय असतं? इंजिनाखाली ड्रिप ट्रे. बिल्जमध्ये पाणी सोडून फक्त तेल पिणारे पांढरे पॅड, काळे पडले की बदलायचे. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून अधिकृत पुनर्वापरवाल्याकडे, कारण ते कायद्याने घातक कचरा आहे. सोडा वॉटरचे क्रेट चढवायला माणसं ठेवता, पॅड बदलायला एकही नाही?

बस झाली थट्टा. लाज वाटू द्या जरा. ज्या खाडीत तुम्ही फुल थ्रॉटल मारता, तिथे कोणाची तरी डोल, म्हणजे मासेमारीचं जाळं, लागलेली असते. जाळं पंख्यात गेलं तर थांबा, नाव सांगा, भरपाई द्या. तुमचा खलाशी काय ओततो, याला जबाबदार तुम्हीच. आज जाऊन बिल्जचं झाकण उघडा, टॉर्च मारा. काळं दिसलं तर घाबरून ऑटो पंप बंद करू नका, बोट जागीच बुडू शकते. आधी पॅड टाका, तेल उचला, मग गळती शोधा.