नवजात बाळ ‘वाटेल तसे वळते’ या दाव्याचा प्रतिवाद

छायाचित्रण शिकणाऱ्यांमध्ये सध्या नवजात बाळांचे फोटो काढण्याविषयी एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: पहिल्या दहा दिवसांत बाळ मऊ असते, म्हणून ते वाटेल त्या पोझमध्ये वळते; खोली जितकी गरम, तितके ते गाढ झोपते; हे दहा दिवस गेले की संधी गेली; आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्याला यात नवे शिकण्यासारखे काही नाही. सांगली-मिरजेतले तरुण छायाचित्रकार या कामाकडे वळत असताना त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. हनुवटी तळव्यांवर टेकवून, कोपरांवर तोल सांभाळत झोपलेले बाळ आपण मोबाइलवर पाहतो. जाणकारांच्या हातून निघालेले ते दृश्य एका क्षणाचे नसते. एका फोटोत सहायकाने बाळाचे डोके धरलेले असते, दुसऱ्यात मनगटे, आणि नंतर दोन्ही फोटो संगणकावर जोडून धरणारे हात पुसले जातात. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, मान ते पेलू शकत नाही आणि हनुवटी छातीवर दबली तर मऊ, अरुंद श्वासमार्ग आवळला जाऊन श्वास अडू शकतो. अशा वेळी बाळ रडून सांगेलच, असे नाही. गुंडाळतानाही पाय सरळ ताणून घट्ट बांधल्यास खुब्याचा सांधा निसटण्याचा धोका वाढतो, म्हणून कापडाच्या आत गुडघे वाकतील आणि फाकतील इतकी मोकळीक ठेवावी.

उघडे बाळ लवकर गार पडते, त्यामुळे ऊब हवी हे खरेच. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनुसार बाळाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे, आणि एप्रिल-मे महिन्यांतल्या सांगलीत पत्र्याखालच्या स्टुडिओत हीटर लावला तर ही मर्यादा ओलांडली जाण्याची भीती आहे. तापलेले बाळ निपचित पडते. त्याला गाढ झोप समजू नये. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी तर मुळीच नको, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दहा दिवसांची अट केवळ सोयीची आहे, कारण पहिल्या दोन आठवड्यांत बाळ जास्त झोपते. आपल्याकडे अनेक घरे सोयर पाळतात आणि बाराव्या दिवशी बारसे करतात; त्यांना ‘संधी गेली’ असे सांगून बाळंतिणीला घाई करणे मला अन्यायाचे वाटते. सुमारे सहाव्या आठवड्यात बाळ समोरच्या माणसाकडे पाहून हसू लागते, आणि आईच्या खांद्यावरचा तो फोटो कोणत्याही टोपलीतल्या फोटोपेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो.

राहिला शिकण्याचा प्रश्न. खिडकीचा मऊ उजेड आणि साधी ५० मिमी लेन्स यांवर उत्तम काम होते, आणि तेवढे लग्नाच्या छायाचित्रकाराला येतेच. त्याला येत नाही ते बाळ हाताळणे. मिरजेसारखे रुग्णालयांचे गाव शेजारी असताना एखाद्या अनुभवी परिचारिकेकडून बाळ उचलायला शिकावे, गुंडाळण्याचा सराव बाहुलीवर करावा आणि मग जाणत्या छायाचित्रकाराचा सहायक म्हणून उभे राहावे. स्वतः काम घेतल्यावर बाळापासून हातभर अंतरावर एक माणूस सतत हवा, ज्याने दुसरे कोणतेही काम करू नये. आणि वरून फोटो घेताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असलाच पाहिजे.