मंगळावरून लगेच परतता येत नाही

"नऊ महिने जायला, नऊ यायला. दीड वर्षात माणूस घरी!" बंड्यानं असा हिशेब मिटवला आणि काल कट्टा पेटला.

मी म्हटलं, "तू पृथ्वीला जागेवर बसवून ठेवलीस." खडूनं सूर्याभोवतीच्या कक्षांची दोन वर्तुळं काढली, पृथ्वी आणि मंगळ म्हणून दोन खडे ठेवले. सर्वात कमी इंधनाची, जर्मन अभियंता होमाननं 1925 मध्ये मांडलेली वाट घेतली तर जायला सुमारे 259 दिवस. तेवढ्यात पृथ्वीचा खडा 255 अंश फिरून मंगळाच्या 75 अंश पुढे गेलेला असतो. परत निघताना मात्र तो 75 अंश मागे हवा, नाहीतर यान पृथ्वीच्या कक्षेपर्यंत येईल आणि तिथं पृथ्वीच नसेल. 75 पुढून फिरून 75 मागे यायला तिला आणखी 210 अंशांची आघाडी घ्यावी लागते, आणि पृथ्वी मंगळावर रोज जेमतेम अर्ध्या अंशाची आघाडी घेते. म्हणून मुक्काम साधारण 455 दिवसांचा. सगळं मिळून 973! मंगळाची कक्षा लांबट असल्यानं दर खेपेला आकडे थोडे हलतात, एवढंच.

"पण महिनाभर राहून, येताना शुक्राला वळसा घालून परतायची वाटही आहे," अण्णा म्हणाले. आहे. तिच्यात दीड-पावणेदोन वर्षांत घरी येता येतं. पण इंधन बरंच जास्त, आणि तो जवळजवळ सगळा काळ यानात, त्यातला काही सूर्याच्या जवळून. नासाच्या क्युरिऑसिटी या मंगळगाडीनं वाटेत रोज सुमारे 1.8 मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या माऱ्याचं माप) किरणोत्सार मोजला, मंगळाच्या जमिनीवर त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. पायाखालचा ग्रहच अर्धं आकाश अडवतो. मग जादा इंधन जाळायचंच तर एकेरी प्रवास सहा महिन्यांवर आणण्यासाठी जाळा, मुक्काम वाढला तरी चालेल. माझं मत पक्कं आहे.

"आणि तिथं प्राणवायूचं यंत्र बिघडलं तर? पाचशे दिवस कुणाच्या भरवशावर काढायचे?" अण्णांचा आवाज चढला. याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं.

बंड्याला वाटेत बिघडलेलं अपोलो 13 हे चांद्रयान आठवलं. 1970 मध्ये ते चंद्राला वळसा घालून परत आलं, मग इथंही तसंच करावं. तशी वाट मंगळालाही आहे, पण न उतरता परत यायचं तरी ती साधारण दोन वर्षांची. म्हणजे तेवढं अन्न निघतानाच यानात हवं.

अण्णांनी मंगळाचा खडा उचलून हातात धरला. "मग उतरताना ते अन्न खाली न्यायचं, की वर फिरणाऱ्या यानातच ठेवायचं?"