दुपारची दोन मिनिटं

"काय करायचं ते घरी कर. ऑफिसात कशाला लोकांच्या नजरेत यायचं?" माझ्या दादाचं हे बोलणं आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

गोष्ट एवढीशी. माझी भाची, दादाची मुलगी, खराडीत एका कंपनीच्या सपोर्ट टीममध्ये आहे. जेवणाच्या सुट्टीत ती हेडसेट गळ्यात उतरवते, कपाळ, छाती, दोन्ही खांदे असा क्रूस काढते आणि डबा उघडायच्या आधी दोन मिनिटं डोळे मिटून बसते. टीम लीडनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, की कामाच्या जागी धर्म नको, बाकीच्यांना अवघडल्यासारखं होतं. टीम लीडचा मला तितका राग आला नाही. राग आला दादाचा. त्यानं लगेच मान डोलावली आणि वर बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचा दाखला दिला: प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे, असं येशूनंच सांगितलंय.

अर्धवट दाखला आहे हा. लोकांनी पाहावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना येशू तिथं बोलतोय. डब्यासमोर डोळे मिटलेली पोर कुणाला काय दाखवतेय? बायबलमधल्याच दानिएलाचं काय मग? प्रार्थनेवर राजाचा मनाई हुकूम निघाल्यावरही तो यरुशलेमच्या बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता, आधी टेकायचा तसेच. नहेम्या तर ड्यूटीवरच होता. राजाला द्राक्षारस देणारा नोकर. तुला काय हवंय, असं राजानं विचारलं आणि उत्तर देण्याआधी त्यानं देवाची प्रार्थना केली, प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मावेल एवढी. मी पेरोलचं काम करते. महिनाअखेरीला शेवटचं बटण दाबण्याआधी मीही तेवढीच प्रार्थना करते, मराठीत. एवढ्या लोकांचे पगार, त्यांची घरभाडी त्या एका बटणावर असतात.

मी आयर्लंडमध्ये, डब्लिनला असते. इथं मला आजवर कुणी अडवलेलं नाही. संध्याकाळी सहाला आरटीई या सार्वजनिक वाहिनीवर आधी आंजेलसची, म्हणजे कॅथलिक प्रार्थनेची घंटा, मग बातम्या. रेडिओवर तर हे १९५० पासून चालू आहे, दुपारी बारालाही. तीन, तीन, तीन आणि मग नऊ ठोके. टीव्हीवर तेव्हा जी माणसं दाखवतात ती चर्चमधली नसतात, हातातलं काम थांबवून क्षणभर स्तब्ध झालेली साधी माणसं असतात. सार्वजनिक वाहिनीवर, रोज! दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "तो ख्रिस्ती देश आहे बाई. तिथं बसून बोलणं सोपं आहे."

याचाच संताप येतो. जणू प्रार्थना करायला मी इथल्या लुआस ट्राममध्ये बसून शिकले. आमचे बाबा खडकीच्या फॅक्टरीत होते. सकाळी मशीन सुरू करण्याआधी ते क्रूस काढायचे, आणि शेजारचे काका त्याच वेळी आपल्या मशीनला हात लावून तो कपाळाला टेकवायचे. दोघांनाही त्यात विशेष काही वाटत नसे. खंडेनवमीला सगळ्याच मशीनना झेंडूच्या माळा असत आणि बाबा पेढे घेऊन घरी येत. आजही पुण्यातला रिक्षावाला भवानीची नोट कपाळाला लावल्याशिवाय खिशात टाकत नाही. रविवार पेठेतल्या दुकानाचा दिवस उदबत्तीनं सुरू होतो. भाचीच्याच ऑफिसात दसऱ्याला लॅपटॉपना हळदकुंकू लागतं, आणि ती साडी नेसून हौसेनं फोटोत उभी राहते. राहावंच तिनं. पण मग कामाच्या जागी धर्म नको, हे पुण्यानं कधी ठरवलं?

आमचा सगळ्यांचा बाप्तिस्मा क्वार्टर गेटच्या सिटी चर्चमधला. त्या चर्चसाठी १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जमीन दिली. फौजेत ख्रिस्ती शिपाई होते, त्यांना प्रार्थनेला जागा हवी होती. चाकरी ज्याची करायची त्यानंच ती दिली. पेशव्यांना जे अवघड वाटलं नाही ते एका टीम लीडला वाटावं आणि दादानं त्याची री ओढावी?

दादा असं का वागतो ते मला कळतं. त्याला तिथं राहायचंय. पुण्यात जन्मूनही "तुम्ही मूळचे कुठले?" हे त्याला अजून विचारलं जातं. आमचं गाव श्रीरामपूरकडचं, सप्टेंबरात सगळं घर हरिगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला जातं, पण ऐकणाऱ्याला हे उत्तर पुरत नाही. गप्प बसल्यानं तो प्रश्न थांबलेला नाही, हे मात्र दादानंही पाहिलंय.

आणि इथलं खरं सांगायचं तर मला कुणी अडवत नाही, कारण कुणाचं लक्षच नसतं. २०१६ च्या जनगणनेत ७९ टक्के लोक कॅथलिक होते, २०२२ मध्ये ६९. माझ्या टीममधली तरुण मंडळी चर्चवर रागावलेली आहेत. चर्चच्या संस्थांमध्ये बायकामुलांचे जे हाल झाले ते वाचल्यावर त्या रागाला मी नावं ठेवत नाही. पण माझं क्रूस काढणं त्यांना त्यांच्या आजीच्या काळातलं वाटतं. जेवणाच्या सुट्टीत मी क्लॅरेंडन स्ट्रीटच्या चर्चमध्ये मिस्सेला जाते, तिथं म्हाताऱ्या बायका असतात, ब्राझीलची पोरं असतात, केरळच्या नर्सेस असतात. ऑफिसातलं कुणी नसतं. पुण्यात मी ख्रिस्ती म्हणून वेगळी होते, इथं प्रार्थना करते म्हणून वेगळी आहे. बाबांना जसे ते शेजारच्या मशीनवरचे काका होते, आपल्या देवाला आपल्या रीतीनं हात जोडून कामाला लागणारे, तसं कुणी शेजारी मला इथं मिळालेलं नाही. ते पुण्यात मिळत होतं. म्हणून तिथं ते बंद व्हायला लागलेलं मला पाहवत नाही.

"आत्या, त्यांना वाईट वाटलं तर?" भाचीनं विचारलं. मी म्हटलं, दसऱ्याची रांगोळी दरवर्षी तूच काढतेस ना, त्याच आपुलकीनं बोल. सुट्टीतली दोन मिनिटं आहेत, कुणाचा फोन थांबत नाही, एवढंच सांग. कोपऱ्यातलं टेबल घे म्हणाले तर घे, पण बंद करते असं कबूल करू नकोस. सोमवारी बोलते म्हणालीय.