‘पडकं शे, पाडी टाका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या ग्रुपांवर गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतोय. विषय आहे बाजारपेठेतलं जुनं टॉकीज आणि त्याच आवारात होऊ घातलेलं हॉटेल. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : टॉकीज ठेवून हॉटेल बांधायचा हट्ट म्हणजे निव्वळ भावनेचा खेळ. इमारत धोकादायक, दुरुस्ती नव्या बांधकामापेक्षा महाग, हॉटेल आणि थिएटर एका आवारात नांदत नाहीत, खान्देशात नाटकाला माणूस फिरकत नाही, आणि फारच जीव तुटत असेल तर पुढची भिंत ठेवा, मागचं पाडा. शेवटची ओळ अहिराणीत : ‘पडकं शे, पाडी टाका.’

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात माझी तीस वर्षं गेली. वाडे, जिनिंगची गोदामं, देवळं आणि दोन टॉकीज एवढं काम हाताखालून गेलंय. आमच्या तालुक्याच्या गावातल्या टॉकीजलाही आता हाच मेसेज लावला जातोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा धोक्याचा. मेसेजसोबत भिंतीच्या भेगांचे फोटो आहेत, आणि ते पाहून कुणीही घाबरेल. पण आपल्याकडच्या भेगा वाचायच्या तर आधी आपली जमीन वाचावी लागते. तापी, गिरणा, पांझरेच्या काठची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावर उथळ पायाचं बांधकाम असेल तर भेग वैशाखात उघडते आणि भाद्रपदात मिटत येते. मे महिन्यात फोटो काढून इमारत बाद ठरवणं म्हणजे ताप चढलेला असताना माणसाचं वय मोजण्यासारखं आहे. भेग हलतेय की जुनीच आहे हे कळायला साधा उपाय आहे : तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची, तारीख लिहायची, आणि पूर्ण वर्ष पाहायचं. भेग सरकली तर काच तडकते. आमच्या टॉकीजात मालकाच्या परवानगीने मी अशा चार पट्ट्या लावल्या होत्या. वर्षभराने तीन शाबूत होत्या. चौथी तडकली, ती नाल्याकडच्या कोपऱ्यातली. म्हणजे तिथे पाया खालून भरून घ्यावा लागेल, आणि पाणी भिंतीपासून लांब वळवावं लागेल. एका कोपऱ्याचं दुखणं सगळ्या इमारतीचं मरण ठरत नाही.

दुसरं, बऱ्याच जुन्या टॉकीजांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या वीटकामाच्या, दीड-दोन फूट जाडीच्या आहेत. पंचेचाळीस अंशांच्या उन्हातही आत गेल्यावर गारवा वाटायचा तो त्यामुळेच. पुढे कुणीतरी त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद होते, क्षार विटेतच साचतात आणि वीट भुगा होऊन गळायला लागते. लोक म्हणतात, भिंत सडली. खरं तर भिंतीला गुदमरवलंय. सिमेंट काढून, सांधे खरवडून, चुना, वाळू आणि सुरखी (विटांची बारीक पूड) यांनी पुन्हा भरले की बहुतेक भिंती उभ्या राहतात. उलट १९७०-८० च्या दशकातली काही आरसीसी टॉकीज, जिथे सळ्यांनी गंज धरून काँक्रीट फोडलंय, ती वाचवणं जास्त अवघड असतं. म्हणजे इमारतीच्या वयावरून धोका ठरत नाही.

आता आगीचं बोलू, कारण मेसेजमध्ये ‘जुन्या टॉकीजात आग लागली तर?’ असा प्रश्न आहे. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ ला आग लागली आणि ५९ माणसं गेली. ते टॉकीज १९७३ साली सुरू झालेलं, म्हणजे तेव्हा अवघं चोवीस वर्षांचं होतं. माणसं मेली ती वाहनतळातल्या ट्रान्सफॉर्मरमुळे, जादा खुर्च्या घालून अडवलेल्या वाटांमुळे आणि बंद दारांमुळे. ही चूक नव्या इमारतीतही होऊ शकते. जुन्या इमारतीत बाहेर पडायचे जिने वाढवता येतात, दारं बाहेर उघडणारी करता येतात, वायरिंग पूर्ण बदलता येतं. ते करायलाच हवं आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरायला हवा.

पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आलेली असेल तर तिच्यातला वर्ग वाचा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मेसेजमध्ये नुसतं ‘पालिकेने धोकादायक ठरवलंय’ एवढंच आहे. सी-१ आणि सी-२बी यांच्यामध्ये एक अख्खी इमारत उभी असते.

खरा धोका मेसेजने सांगितलेलाच नाही. तो आहे हॉटेलच्या तळघराचा. जुन्या भिंतीला लागून काळ्या मातीत पंधरा-वीस फूट खड्डा मारला, आणि कडेला आधाराचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल घातलेले खांब, घातले नाहीत, तर शंभर वर्षं उभी असलेली भिंत एका पावसाळ्यात झुकते. मग सगळे म्हणतात, बघा, पडकीच होती. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या भिंतीचं मला आजही वाईट वाटतं. खोदायच्या आधी आधार, खोदताना रोज मोजमाप, आणि टॉकीजच्या भिंतीपासून अंतर या तीन गोष्टी नकाशावर नसतील तर प्रकल्पाला विरोधच करा. तिथे मी तुमच्या बाजूला उभा आहे.

खर्चाच्या मुद्द्याला फार वेळ घालवत नाही. मेसेजातल्या हिशोबात नव्या बाजूला फक्त आरसीसी सांगाडा धरलाय, जुन्या बाजूला मात्र खुर्च्या, एसी, दिवे, ध्वनियंत्रणा सगळं. सारख्याची तुलना सारख्याशी केली की फरक बराच कमी होतो, कारण थिएटर नवं असो की जुनं, आतल्या यंत्रणेचा खर्च तेवढाच येतो. दुरुस्तीत अनपेक्षित कामं निघतात हे मात्र खरं. छताच्या सागवानी कैच्यांची, म्हणजे छत पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्यांची, टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे वाळवी असते आणि ती उघडल्याशिवाय दिसत नाही. त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम राखून ठेवायची असते. चौरस फुटाचा दर लावून दुरुस्तीचा आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो पाडा म्हणणारा असो की वाचवा म्हणणारा.

‘हॉटेल आणि थिएटर एकत्र नांदत नाहीत.’ लंडनचं सॅव्हॉय थिएटर १८८१ साली उघडलं. पूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलेली ती पहिली सार्वजनिक इमारत. त्याच्या मालकाने नाटकांच्या नफ्यातून शेजारी सॅव्हॉय हॉटेल बांधलं, ते १८८९ साली सुरू झालं. म्हणजे तिथे नाटकाने हॉटेल उभं केलं. १९९० साली नूतनीकरण चालू असताना थिएटरला आग लागली, तरी जागा विकून टाकली नाही. १९९३ साली ते पुन्हा उघडलं, आणि दोघं आजही शेजारी आहेत. आवाजाचा प्रश्न सोडवता येतो. दोन इमारतींमध्ये मोकळा सांधा ठेवायचा, म्हणजे कंप एकीकडून दुसरीकडे जात नाही. थिएटरच्या भिंतीला लागून खोल्या न काढता जिना, भांडार, कपडे धुण्याची जागा काढायची. जनरेटर आणि एसीची यंत्रं दोघांपासून लांब, रबरी बैठकीवर. हे पहिल्या नकाशातच यावं लागतं. बांधून झाल्यावर भिंतीला फोम चिकटवून काही होत नाही.

नाटकाला माणूस येत नाही, या वाक्याने मला सगळ्यात जास्त दुखावलं. जळगावात दर जानेवारीत बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव होतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आपली हौशी मंडळी दिवसभर नोकरी, दुकान, शेती करून रात्री तालमी करतात. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, आणि अमळनेरला त्याआधी १९५२ सालीही ते झालं होतं. माणूस आहे. अडचण जागेची आहे. मोठ्या सभागृहाचं भाडं हौशी संघाला परवडत नाही आणि शाळेच्या हॉलला ना विंग असते ना मेकअपची खोली. तीनशे-चारशे खुर्च्यांचं, गावाच्या मधोमध असलेलं थिएटर हवंय. बाजारातलं टॉकीज नेमकं तेवढं होऊ शकतं. पडद्यामागे बहुधा रंगमंचाची खोली कमी पडते, तेवढी जागा मागे वाढवावी लागेल. पण काही टॉकीज मुळात नाटकासाठीच बांधलेली होती, १९३१ नंतर बोलपट आले तेव्हा त्यांत पडदा लागला. तिथे पडद्यामागे जुना रंगमंच अजून सापडतो.

आणि नुसतं नाटकच कशाला? अजिंठ्याची लेणी जळगावपासून साधारण ६० किलोमीटरवर आहेत, पण पर्यटक बहुतेक छत्रपती संभाजीनगरला मुक्कामाला जातात. इथे राहून संध्याकाळी काय करायचं, याचं उत्तर आपल्याकडे नाही. हॉटेलच्या आवारात वहीगायनासारखी खान्देशी लोककला, तमाशा, चांगली मैफल ऐकायची सोय असेल आणि रात्री शेवभाजी-भरीत मिळत असेल, तर मुक्काम इथे पडेल. हे हॉटेलवाल्याच्या फायद्याचंच आहे.

‘पुढची भिंत ठेवा, मागचं पाडा’ याला माझं उत्तर नाही असंच आहे. टॉकीज म्हणजे बाल्कनीचा उतार, आवाज गोल फिरवणारं छत, तिकीट खिडकीपासून आत जायची वाट. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ पासून २३ वर्षं बंद होतं. २०१६ साली ते उघडलं तेव्हा लोक रांगा लावून आतला घुमट आणि बॉक्स, म्हणजे बाजूच्या खासगी बैठका, पाहायला गेले. बाहेरची भिंत तर रस्त्यावरून कायमच दिसत होती.

मेसेजमधल्या एका भीतीला मात्र मी खरं मानतो. हॉटेल आधी होईल आणि थिएटरला ‘पुढच्या टप्प्यात’ म्हणून कुलूप राहील, ही ती भीती. सिंगापूरचं कॅपिटल थिएटर १९९८ साली बंद पडलं होतं, ते हॉटेलसह एकाच प्रकल्पात घेतलं गेलं. थिएटर २०१५ साली उघडलं. हॉटेल मात्र भागीदारांच्या भांडणामुळे २०१८ पर्यंत रखडलं. क्रम उलटा असता तर त्या तीन वर्षांत थिएटर बंदच राहिलं असतं. म्हणून आपल्या करारात थिएटरचं काम पूर्ण झाल्याशिवाय हॉटेलला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची पालिकेची परवानगी, नाही, ही अट हवी. थिएटरला स्वतंत्र दार, स्वतंत्र वीजमीटर, आणि शक्य तिथे सिटी सर्व्हेत वेगळी नोंद हवी, म्हणजे हॉटेलच्या कर्जाला थिएटर गहाण पडणार नाही. हौशी संघांसाठी वर्षातले ठराविक दिवस ठरलेल्या कमी भाड्याने, हेही लिहून घ्यायचं. पालिकेच्या पुढच्या सभेत हा प्रस्ताव येईल तेव्हा मी या सगळ्या अटी लेखी देणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी सभेच्या आधी टॉकीजच्या पायऱ्यांवर भेटावं. मालकांनी सांगितलंय, त्या दिवशी बाल्कनी उघडी ठेवतील.