"माझं पोर, माझा निर्णय" म्हणणाऱ्या माझ्या दोस्तासाठी (पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा)

सध्या आमच्याकडच्या शिकल्या-सवरल्या लोकांत एक नवीन खूळ आलंय. पोर झालं की बारशाच्या आधीच 'लस द्यायची का नाही' यावर रिसर्च सुरू. रिसर्च म्हंजे काय तर रात्री जेवणं झाल्यावर आडवं पडून मोबाईलवर रील बघायच्या, एक बघितली की तशाच दहा समोर येतात, आणि सकाळी उठून माणूस डॉक्टरलाच शिकवायला तयार. आणि शेवटचं वाक्य ठरलेलं, "माझं पोर, माझा निर्णय, बाकीच्यांनी बोलायचं कारण नाही."

मागच्या लग्नसराईत एका जवळच्या दोस्ताने हे मला तोंडावर सांगितलं. शहरात घर, दारात गाडी, वहिनी एमएस्सी, पोरगी दोन वर्षांची होत आली आणि गोवराचा एक डोस नाही. तिथं मी काही बोललो नाही कारण पंगत बसली होती आणि वरण-बट्टी गार होत होती. म्हणून इथं लिहितोय. दोस्ता, वाचशील तर राग मानू नको, आणि मानलास तर मान.

आधी माझ्याबद्दल. माझं कृषी केंद्र आहे. कंपनीवर आंधळा विश्वास ठेवू नको हे मला कोणी शिकवायची गरज नाही भो, जूनमध्ये चोर बीटीची, म्हणजे बिनपरवाना कापूस बियाण्याची, पाकिटं कशी फिरतात, बोगस खताच्या गोणीवर छपाई किती झकास असते, हे मी रोज बघतो. जो शेतकरी पाकीट उलटंपालटं करून लॉट नंबर आणि एक्सपायरी बघतो, पक्कं बिल मागतो आणि मग खिशात हात घालतो, तो मला आवडतो. त्यामुळे "लस म्हणजे कंपन्यांचा धंदा" म्हणणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. धंदा आहेच. पण धंदा कुठंकुठं आहे ते तरी नीट बघा ना.

लसीने ऑटिझम (स्वमग्नता) होतो ही भीती जी सगळ्या रील्समध्ये असते ती आली कुठून? 1998 साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकात एक पेपर छापला, गोवराच्या एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध असावा असं सुचवणारा, त्यात पोरं किती तर बारा. बारा! आमच्याकडे कापसाचं नवीन वाण बारा झाडांवर बघून कोणी चांगलं-वाईट ठरवत नाही. पुढे ब्रायन डीअर नावाचा पत्रकार मागे लागला तेव्हा बाहेर आलं की लस कंपन्यांवर केस करायला निघालेल्या वकिलाकडून या बाबाला पैसे मिळत होते, आणि गोवराच्या वेगळ्या लसीच्या पेटंटसाठी यानेच आधी अर्ज करून ठेवला होता. म्हणजे धंदा तिकडेही होता, फक्त त्याची रील कोणी बनवली नाही. 2010 ला लॅन्सेटने पेपर मागे घेतला, त्याच वर्षी त्याची डॉक्टरकीही गेली. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त पोरांची नोंद तपासली, 2019 ला निकाल छापला, ही लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या पोरांत ऑटिझमच्या बाबतीत फरक नाही. पोरगं बोलत नाही, नजर देत नाही हे आईबापाच्या लक्षात यायचं वय आणि या लसीचं वय साधारण एकच पडतं, म्हणून दोन्हीचा संबंध जोडला जातो. त्या आईचं दुःख खरं आहे, त्याची थट्टा मी करणार नाही.

"साइड इफेक्ट लपवतात" हे दुसरं. काही ठिकाणी लपवत असतीलही, पण मोठी गोष्ट लपत नाही. अमेरिकेत 1998 ला रोटाव्हायरसची, म्हणजे जुलाबाची, पहिली लस बाजारात आली, थोड्या पोरांच्या आतड्याला पीळ बसल्यासारखं व्हायला लागलं, साधारण दहा हजारांत एक, आणि 1999 मध्ये ती लस बाजारातून काढली. आता आपल्याकडे तोंडाने देतात ती वेगळी आहे. पोलिओच्या तोंडाच्या डोसातूनही फार क्वचित पोलिओ होऊ शकतो, हेही खरं, म्हणून तर 2016 ला त्यातला टाइप दोनचा विषाणू काढून टाकला आणि त्याच्या आधीच सुईवाला पोलिओ डोस सुरू केला. हे सगळं उघड आहे, पण यात ढॅण ढॅण म्युझिक लावता येत नाही.

आणि हो, यवतमाळ. 2021 च्या जानेवारीत घाटंजी तालुक्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा लेकरांना सॅनिटायझर पाजलं गेलं. पोरं वाचली, पण हे घडलं आणि ते विसरायचं नाही. मात्र ती माणसाची चूक होती, लसीची नव्हती. चुकीची बाटली हातात येऊ नये म्हणून आईबापाने बाटली बघायला मागावी, त्यात काय लाजायचं? बाटलीच्या लेबलवर गोलात एक पांढरा चौकोन असतो, उष्णता लागली की तो काळा पडत जातो, गोलाच्या रंगाइतका झाला की ती लस द्यायची नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगाव कसं तापतं सांगायला नको, तेव्हा हा चौकोन बघून घ्या. सिस्टरला विचारलं की ती दाखवते, उलट कोणीतरी बघतंय म्हणून तिला बरं वाटतं.

आता घरचं. आमच्या धाकटीला दीड महिन्याचा पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांवरची एकत्र लस) दिला, संध्याकाळपासून ताप, मांडी लाल आणि टणक, आणि रात्रभर जी किंचाळली ती पहाटेपर्यंत. माझी आई म्हणे, "टोचं का लगेच ताप येस, मंग कसाले टोचाडतस रे त्या जीवले?" बायको रडतेय, पोरगी रडतेय, आई मला शिव्या घालतेय. पेंटात डांग्या खोकल्याचा जो भाग असतो तो सरकारी लसीत अख्ख्या जंतूचा असतो, मारलेल्या, म्हणून ताप जास्त येतो. खासगीत 'पेनलेस' म्हणून हजारो रुपयांचा मिळतो त्यात जंतूचे निवडक तुकडे असतात, ताप कमी. इतकी साधी गोष्ट, पण आम्हाला कोणी सांगितलीच नाही. मी एका दवाखान्यात विचारलं तर डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "तुम्ही दुकान सांभाळा, हे आमचं काम." तेव्हा खरं सांगतो, माझंही डोकं सणकलं आणि त्या रील्सवाल्यांचं बोलणं गोड वाटायला लागलं. हे डॉक्टर लोकांनी वाचावं. माणूस अडाणी आहे म्हणून लसीपासून पळत नाही, बऱ्याचदा तुम्ही ज्या टोनमध्ये बोलता त्यामुळे पळतो.

उत्तर कोणी दिलं तर गावातल्या आशाताईने. पोरीला मांडीवर घेऊन बसली, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किती द्यायचं ते सांगितलं, मांडीवर गार पाण्याची पट्टी ठेवा, चोळू नका, दूध पाजत राहा, आणि दोन दिवसांत ताप उतरला नाही किंवा झटका आला तर थांबू नका, सरळ घेऊन या. दंडावरच्या बीसीजीला (क्षयाच्या लसीला) काही आठवड्यांनी फोड येईल, फुटेल, त्याला हळद-बिळद लावू नका हेही तिनेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगी हसत होती. आई मात्र अजून बोलते, पण पुढच्या डोसाची तारीख तीच आठवण करून देते, हे आपलं असंच.

तर दोस्ता, "माझं पोर, माझा निर्णय" यावर येतो. धनुर्वाताच्या बाबतीत तुझं म्हणणं एकवेळ चालेल, धनुर्वात एकाचा दुसऱ्याला होत नाही. गोवर तसा नाही रे. गोवराचा पेशंट खोलीतून गेल्यावरही जंतू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो, आणि ज्यांना लस नाही, आधी गोवर झालेला नाही, अशा दहा जणांत नऊ जणांना तो पकडतो. शंभरात पंचाण्णव पोरांना दोन्ही डोस असतील तरच तो गावात पसरत नाही. आणि पहिला डोस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. म्हणजे तुझ्या शेजारच्या घरात जे सहा महिन्यांचं लेकरू आहे त्याला लस घ्यायची सोयच नाही, त्याची लस म्हणजे तुझी पोरगी. तू तुझ्या पोरीचा निर्णय घेत नाहीस, तू त्या लेकराचाही घेतोयस, आणि त्याच्या आईला विचारलेलं नाहीस.

आमच्याकडे अजूनही गोवर निघाला की काही घरांत फोडणी बंद, दाराला कडुलिंबाचा पाला, "माय आली" म्हणून गप्प बसायचं. ते माझ्या आज्जीच्या काळात ठीक होतं, तेव्हा हातात दुसरं काही नव्हतं. पण गोवर म्हणजे नुसते लाल पुरळ नाही, न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, अंगातली आधीची प्रतिकारशक्तीसुद्धा पुसली जाते आणि मग पुढचे कित्येक महिने पोर सारखं आजारी. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे आणि आपल्या शेजारी मालेगावात गोवर पसरला होता, धुळ्याहून मालेगाव तासाभराच्या रस्त्यावर, निम्म्या लोकांचे सोयरे तिकडे. आणि ज्या अमेरिकेच्या रील तू बघतो ना, तिथं 2000 साली गोवर संपला म्हणून जाहीर केलं होतं, 2025 ला टेक्सासमध्ये लस न घेतलेली दोन शाळकरी पोरं त्याच गोवराने गेली.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? नंदुरबारच्या डोंगरात धडगाव-अक्कलकुव्याकडे बघ. पाड्यापासून लसीकरणाच्या जागेपर्यंत बाई कडेवर पोर घेऊन डोंगर उतरते, त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि तिथं गेल्यावर ऐकायला काय मिळतं, आज गोवराची बाटली फोडणार नाही, पोरं कमी आहेत, पुढच्या वेळी या. कारण ती बाटली एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते. एका पोरासाठीही बाटली फोडायला पाहिजे, वाया गेली तर गेली, सरकारच्या तिजोरीला भोक पडत नाही. दिवाळी झाली की हीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, कार्ड कुठंतरी हरवतं, पोराचे डोस राहतात. त्यांचं पोर राहतं ते रस्ता नाही म्हणून. तुझ्या घरापासून सरकारी दवाखाना पायी जाण्यासारखा, फुकट, आणि तुझं पोर राहतं ते रील बघून. आणि पेपरात बातमी येते तेव्हा फोटो कोणाचा छापतात? आदिवासी पाड्याचा. तुझ्या सोसायटीचा नाही.

ज्यांचे डोस राहिलेत त्यांच्यासाठी, कारण इनबॉक्समध्ये हेच विचारतात. एखादा डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करत नाहीत, जिथं राहिला तिथून पुढे देतात. गोवर-रुबेलाचा राहिला असेल तर सरकारी दवाखान्यात पाच वर्षांपर्यंत देतात. साधी सर्दी किंवा थोडे जुलाब असले तरी बहुतेक लसी चालतात, जास्त ताप असेल तर सिस्टरला दाखवा, ती ठरवेल. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा, लगेच गाडीला किक मारू नका. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. आधी कोणत्या लसीने जोरात रिअ‍ॅक्शन आली असेल किंवा पोराला मोठा आजार असेल तर मात्र माझं ऐकू नका, बालरोगतज्ज्ञाला विचारा, मी खतं विकतो.

कमेंटमध्ये वाद घालायचा असेल तर घाला, शिव्या दिल्यात तर उडवणार. आणि दोस्ता, तू दुकानावर ये, दुपारी दोननंतर ये, सकाळी केळीवाल्यांची गर्दी असते. वहिनींनाही आण, त्यांचे प्रश्न तुझ्यापेक्षा चांगले असतात.